सांगान जा



देवबागला आमच्या घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर. पुढे समुद्र, मागे कर्ली नदी, मधे माडांची चिंचोळी पट्टी. अशा ठिकाणी मुलांना पाण्यावर जायची बंदी घालणार तरी कशी? आईने ती कधी घातली नाही. तिचं एकच सांगणं असे, "जा, पण माका सांगान जा." बाकीचे नियम अंगवळणी पडले होते. ओहोटीच्या वेळी नदीच्या मुखाकडे फिरकायचं नाही, कारण तिथलं पाणी आत नाही, बाहेर ओढतं. बंदरावर ३ नंबरचा बावटा लागला की किनाऱ्यावरूनही मागे व्हायचं. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र फक्त लांबून ऐकायचा. तरी आम्ही कधीतरी नको तिथे जायचोच, आणि नाकातोंडात पाणी जाऊन, रडत घरी यायचो. तेव्हा आधी पंचाने डोकं पुसलं जाई. ओरडा नंतर.

यंदा डिसेंबरच्या सुट्टीत मेलबर्नहून गावी गेलो तेव्हा या "आधी पंचा"चा अर्थ मला नव्याने कळला.

माझा मुलगा चौदा वर्षांचा. किनाऱ्यावर रापण ओढायला सगळी आळी जमली होती, दोर धरायला पोरं धावत होती, आणि हा पडवीत फोन उलटा ठेवून बसलेला. दोन दिवस ताटातला बांगडा तसाच राहिला. मला वाटलं, प्रवासाचा शीण. आईला तसं वाटलं नाही. संध्याकाळी ती त्याच्याशेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "बुडूक लागलंस तर वरडतलंस ना रे? मगे आता वरड." त्याला मालवणी अर्धीच कळते. पण तो रडायला लागला.

मेलबर्नहून निघायच्या आधी एका गेममध्ये त्याची एका "मुली"शी ओळख झाली होती. तिने त्याला गेममधून दुसऱ्या ॲपवर नेलं, स्वतःचा म्हणून एक फोटो पाठवला, बदल्यात त्याचा मागितला. त्याचा फोटो गेला, आणि तासाभरात भाषा बदलली. गिफ्ट कार्डांचे नंबर पाठव, नाहीतर वर्गातल्या सगळ्यांना फोटो जाईल. चार दिवस तो हे एकटा वागवत होता, विमानात माझ्या शेजारच्या खुर्चीत बसूनसुद्धा.

मला का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं. तो म्हणाला, "तू फोन काढून घेतला असतास."

खरंच होतं ते. तो दहा वर्षांचा असल्यापासून "फोन काढून घेईन" हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकवत आले होते. त्यात मला शिस्त दिसत होती. त्याने त्यातून एवढंच उचललं होतं, की आईला सांगितलं तर शिक्षा होते. फसवणारा याच भरवशावर असतो. मूल घरी बोलणार नाही, हेच त्याचं भांडवल. त्याच्याकडचा फोटो त्या मानाने दुय्यम.

त्याच्या मनात दुसरीही भीती होती, आणि ती तुमच्या घरातही असू शकते म्हणून सविस्तर लिहिते. १० डिसेंबर २०२५ पासून ऑस्ट्रेलियात सोळा वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, फेसबुक, यूट्यूब अशा ठिकाणी खातं ठेवता येत नाही. माझ्या मुलाने वय खोटं सांगून एक खातं जिवंत ठेवलं होतं. बोललो तर पोलीस येतील, आईबाबांना दंड होईल, असं त्याने धरलं होतं. मंडळी, हे आपापल्या मुलांना आज स्पष्ट सांगा: या कायद्यात मुलांना शिक्षा नाही, पालकांनाही नाही. ४ कोटी ९५ लाख डॉलरपर्यंतचा दंड आहे तो कंपन्यांना. कायदा आला म्हणून आपल्यापैकी अनेकांनी सुटकेचा निःश्वास सोडला, मीही सोडला. पण व्हॉट्सॲप त्यात नाही, डिस्कॉर्ड नाही, रोब्लॉक्ससारखे गेम नाहीत. आणि चोरून खातं चालवणारं मूल अडचणीत आलं, तर ते आधीपेक्षा जास्त घट्ट ओठ मिटून बसेल.

आम्ही काय केलं ते सांगते. पैसे दिले नाहीत, कारण एकदा दिले की मागणी थांबत नाही, वाढते. रागाच्या भरात सगळं पुसून टाकायला माझा हात शिवशिवत होता, तो आवरला. संदेशांचे, खात्याच्या नावाचे स्क्रीनशॉट काढले, मग त्या माणसाला ब्लॉक केलं आणि तक्रार केली. अठरा वर्षांखालच्या मुलांची अशी तक्रार ऑस्ट्रेलियात फेडरल पोलिसांच्या अखत्यारीतलं बालशोषणविरोधी केंद्र घेतं. भारतात घडलं तर १९३० हा सायबर गुन्ह्यांचा नंबर, आणि मुलांसाठी १०९८. 'टेक इट डाऊन' नावाची एक विनामूल्य सेवा आहे. तिच्यात फोटो कुठेही पाठवावा लागत नाही. आपल्याच फोनवर त्याचा डिजिटल ठसा तयार होतो, फक्त तो ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो आणि तसा फोटो त्यांच्याकडे आला तर त्यांना तो ओळखून काढता येतो. हे सगळं पडवीत, आईच्या कंदिलाशेजारी बसून झालं, कारण नेमकी वीज गेली होती.

तक्रार तासाभरात झाली. पुढचे आठवडे कठीण गेले. त्याला झोप लागत नव्हती. फोन वाजला की चेहरा उतरायचा. शाळेच्या समुपदेशकाशी तो बोलला, रात्री दोनदा 'किड्स हेल्पलाइन'लाही त्याने फोन केला (१८०० ५५ १८००, चोवीस तास, पाच ते पंचवीस वर्षांच्या कुणासाठीही). त्याला सगळ्यात जास्त शरम वाटत होती ती मूर्ख ठरल्याची. पैशांसाठी अशा धमक्या येणाऱ्यांत मुलगे जास्त असतात, हे ऑस्ट्रेलियाच्या ई-सेफ्टी कमिशनरच्या कार्यालयाने अनेकदा सांगितलेलं आहे. आपल्या घरांत मात्र सावधगिरीच्या गोष्टी मुलींना सांगितल्या जातात. मुलाला काय होणार, असं आपण धरून चालतो. मीही तसंच धरलं होतं.

फोन हातात दिला कुणी, याचाही प्रामाणिक विचार करायला हवा. २०२० साली आमच्या सिंधुदुर्गात कणकवली तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीला रेंज मिळावी म्हणून भावांनी डोंगरावर झोपडी बांधून दिली, तिथे बसून ती ऑनलाइन शिकली. त्या काळात फोन म्हणजे शाळाच होती. शाळा परत भरल्या, फोन हातातच राहिला. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने यावर २०२२च्या ऑगस्टमध्ये एक उपाय काढला. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो, आणि साडेआठपर्यंत गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद. सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने गावसभेत ठरलेली ही गोष्ट आहे, आणि मला त्यातली एकच बाब फार मोलाची वाटते: भोंगा मोठ्यांसाठीही वाजतो. मुलांना अभ्यासाला बसवून आईबापांनी मालिका बघायची, अशी सोय त्यात नाही. त्या दीड तासाने कुठलाही भामटा थांबणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण समोर फोन नसलेली आई दिसली, तर एखादं मूल तिच्याशी बोलायला सुरुवात करेल. माझ्या आईला जे दिसलं ते मला दिसलं नाही, त्याचं कारण मायेत फरक होता असं मी मानत नाही. ती ताटाकडे बघत होती, मी फोनकडे.

आमच्या घरात आता वेळेची मर्यादा आहे, रात्री सगळ्यांचे फोन स्वयंपाकघरात राहतात, माझाही. पण येऊन सांगितलेल्या गोष्टीसाठी फोन काढून घेतला जाणार नाही, हे मी त्याला लिहून दिलंय. कागद फ्रिजवर लावलाय.

हे सगळं छापायला त्याने परवानगी दिली, नाव आणि फोटो नको या अटीवर. त्याची अट ऐकून मी आपल्या मंडळाच्या या अंकाचे जुने अंक चाळले. गणपतीतल्या नाचाच्या फोटोखाली मुलांची पूर्ण नावं, इयत्ता, एका ठिकाणी शाळासुद्धा छापलेली आहे. त्या मुलांना आपण कधीच विचारलं नव्हतं. या पाडव्याच्या अंकापासून मुलाने स्वतः हो म्हटल्याशिवाय त्याचा फोटो येणार नाही, आणि फोटोखाली नाव येणार नाही. आजी-आजोबा मंडळींची थोडी निराशा होईल, त्यांनी समजून घ्यावं.

मंडळाच्या पुढच्या मासिक बैठकीत भाषण ठेवलेलं नाही. दारात एक टोपली असेल, फोन तिच्यात ठेवायचे, मोठ्यांचे आधी. पहिला तास मुलं बोलतील, आपण मधे बोलायचं नाही. देवबागहून येताना खाजं आणलंय, डबा अजून उघडलेला नाही. तो त्या दिवशी उघडू.