बंडाना आणि बंधेज

गळ्याभोवती किंवा डोक्याला गुंडाळायच्या चौकोनी रुमालाला इंग्रजीत ‘बंडाना’ म्हणतात. हा शब्द हिंदीतल्या ‘बाँधनू’वरून आला. त्याच्या मुळाशी संस्कृतातला ‘बन्ध्’ धातू आहे. मराठीतले ‘बांधणे’ही त्यातूनच आले. मात्र इथे बांधणे म्हणजे डोक्याला रुमाल बांधणे नव्हे, तर रंगवण्यापूर्वी कापडाला गाठी मारणे.

18व्या शतकात ईस्ट इंडिया कंपनी बंगालमधून असे ठिपक्यांचे रेशमी रुमाल इंग्लंडला नेई. तपकीर ओढणाऱ्यांना ते फार सोयीचे, कारण गडद रंगावर डाग दिसत नसत. पुढे 19व्या शतकात ग्लासगोच्या हेन्री माँटीथ यांच्या कारखान्याने नक्कल साधली. लाल रंगवलेल्या कापडाच्या घड्या भोके पाडलेल्या शिशाच्या पत्र्यांत दाबायच्या आणि भोकांतून रंग उडवणारे रसायन सोडायचे. ठिपके उमटले, नावही टिकले. गाठ मात्र गेली.

जयपूरने ती राखली आहे. तिथे या कामाला बंधेज म्हणतात. कापडाचा चिमटीएवढा भाग नखाने उचलून त्यावर दोरा आवळतात; दोऱ्याखाली रंग पोहोचत नाही. आधी पिवळ्यासारखा फिका रंग, मग पुन्हा गाठी आणि त्यावर लाल, असा क्रम असतो. लहरियाची रीत निराळी. पातळ मलमल एका कोपऱ्यापासून तिरकी गुंडाळून दोरीसारखी करतात आणि ठरावीक अंतराने घट्ट बांधून रंगवतात. उलगडल्यावर तिरपे पट्टे दिसतात. तेच कापड उलट्या कर्णाने पुन्हा गुंडाळून रंगवले की पट्टे एकमेकांना छेदतात, तो मोठडा. रंग सगळ्या थरांत उतरायला हवा, म्हणून जाड कापड चालत नाही. श्रावणात, तीजेच्या सणाला, बायका लहरियाची ओढणी घेतात आणि पुरुष लहरियाचा साफा बांधतात.

आज जयपूरच्या जोहरी बाजारात छापील ‘लहरिया’ही मुबलक मिळतो. रंग तेच, किंमत कमी, पण बांधणाऱ्या हातांना त्यातून काहीच मिळत नाही. हा खरा तोटा आहे. ओळखणे अवघड नाही: अस्सल बंधेजावर गाठींच्या बारीक चुण्या असतात आणि ठिपके एकसारखे नसतात. पुष्कळदा कापड गाठी न सोडताच विकायला ठेवतात. जयपूरला जाणाऱ्यांनी तसेच मागावे आणि गाठी समोर सोडवून घ्याव्यात.