'ब्लायटी' म्हणे आपली!

गेल्या दिवाळीत फराळाला बसलो असता लंडनहून आलेला माझा भाचा छाती फुगवून म्हणाला, "मामा, इंग्रज स्वतःच्या देशाला 'ब्लायटी' म्हणायचे. तो शब्द मूळचा आपला बरं का!" मंडळी धन्य झाली. इंग्रजी कोशात आपला शब्द सापडला, की आम्हांला शिष्यवृत्ती मिळाल्याचा आनंद होतो! मी मात्र धन्य झालो नाही.

शब्द इथूनच गेला, हे खरे. अरबी 'विलायत' म्हणजे अंमलाखालचा प्रांत. फारसी-उर्दूतून तो इकडे आला आणि 'विलायती' म्हणजे परदेशचे, पुढे साहेबाच्या देशचे, असा अर्थ रुळला. (आपली विलायती चिंच मात्र मेक्सिकोकडची, पण ते असो.) उत्तरेकडचे 'बिलायती' हिंदुस्थानातल्या गोऱ्या शिपायांच्या तोंडी 'ब्लायटी' झाले. आपण ज्याला परके म्हटले, त्यालाच त्यांनी घर म्हटले!

इथवर गंमत आहे. पण १९१४ चे महायुद्ध आले. जीव न घेणारी, पण मायदेशी धाडण्याइतकी जखम झाली, की खंदकातला टॉमी तिला 'ब्लायटी' म्हणे. अशी जखम व्हावी म्हणून नवस बोलायचेच काय ते बाकी! त्याच आघाडीवरच्या हिंदी शिपायालाही गोळी लागे, त्यालाही बोटीत घालून इंग्लंडला नेत. ब्रायटनच्या रॉयल पॅव्हिलियन या राजवाड्यात त्याच्यासाठी इस्पितळ होते. घुमटाखाली खाटा, धर्म-जातींप्रमाणे वेगवेगळी स्वयंपाकघरे, बडदास्त उत्तम. पण तो घरी कुठे पोचला होता? त्याच्या लेखी ती विलायतच, परकी. आणि बरे वाटताच पुष्कळांना पुन्हा आघाडीवर धाडण्यात आले.

आमच्या मराठ्यांची विलायत तर निराळीच. मेसोपोटेमियात तुर्कांचे प्रांत होते, बसरा आणि बगदाद. त्यांनाही 'विलायेत'च म्हणत! कूत-अल-अमारा येथे वेढ्यात सापडलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. उपासमार झाली. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती, आणि मग कैदेतली पायपीट. कित्येक जण परतलेच नाहीत. 'ब्लायटी' आपली म्हणून मिरवायची, तर ही माणसेही त्या शब्दाच्या अर्थात धरा. नाहीतर मिरवू नका!

भाचा ओशाळून म्हणाला, "मामा, फराळाच्या वेळी हे कशाला?"

विषय त्यानेच काढला होता.