नाव एक, कामे चार

आमच्या चाळीत ‘शांता’ अशी हाक मारली की तीन दारांतून ‘ओ’ येते. नाव जुन्या वळणाचे. पण या एकाच नावाच्या बायांनी काय काय केले, ते मुलांना सांगण्यासारखे आहे.

सोलापूर जिल्ह्यातल्या महूदच्या शांताबाई कांबळे शाळेत शिक्षिका झाल्या. ‘माझ्या जल्माची चित्तरकथा’ हे आत्मकथन त्यांनीच लिहिले. नाशिकच्या शांताबाई दाणी दादासाहेब गायकवाडांबरोबर चळवळीत राबल्या, विधान परिषदेत बोलल्या. त्यांचे आत्मकथन ‘रात्रंदिन आम्हा’. शांता शेळके मराठीच्या प्राध्यापिका आणि कवयित्री. १९९६ साली आळंदीच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. आणि १९७६ साली भारताच्या मुली पहिली कसोटी खेळल्या, तेव्हा कर्णधार होत्या शांता रंगास्वामी.

एकीच्या हाती खडू, दुसरीच्या हाती माईक, तिसरीच्या हाती लेखणी, चौथीच्या हाती बॅट. नाव आईबापांनी दिले, ओळख ज्या-त्या बाईने कमावली.

माझ्या आईचे नावही शांता. ती जन्मभर अंगठा करीत आली. दाणीबाईंचे पुस्तक मी तिला वाचून दाखवले, तेव्हा मुखपृष्ठावरचे ‘शांता’ तिने बोटाने गिरवले. म्हणाली, “हे माझंच नाव की रे!” पुढच्या महिन्यात रेशनच्या अर्जावर तिने पहिली सही केली. वाकडी होती, पण तिची होती.

तुमच्या घरी एखादी शांता असेल, तर आज हे तिला वाचून दाखवा.