हलवा घोटताना



रोश हशानाला आपल्या बेने इस्राएल घरांत चिकाचा हलवा हवाच. गहू दोन-तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, गाळायचे. खाली बसलेला चीक, नारळाचं दूध नि साखर एकत्र करून मंद आचेवर घोटत राहायचं. हात थांबला की तळाला लागलाच!

माझा लेक आणि त्याची चौदा वर्षांची मुलगी महिनाभर धड बोलत नव्हते. मोबाईलवरून भांडण. यंदा मी म्हटलं, "माझा खांदा दुखतो, तुम्हीच घोटा." दोघांनी आळीपाळीने उलथनं धरलं. अर्धा तास सगळं चिडीचूप. मग नातीनं विचारलं, "अब्बा, सावता तुलाही हे काम द्यायची?"

"द्यायची. एकदा मी खेळायला पळालो, हलवा करपला. सावतानं आठवडाभर अबोला धरला."

घ्या! अबोल्याचं मूळ माझ्याच घरात निघालं. तिघंही हसलो.

"बस, बोलूया" म्हटलं की मुलं गप्प होतात. हाताला काम दिलं की तोंड आपोआप उघडतं. मात्र हलव्याचे शिंतोडे फार भाजतात, हे नर्स म्हणून सांगते. लहानग्यांना बदाम सोलायला बसवा.

मुलांनो, तुम्ही घरी कुणाबरोबर काय करता? मला जरूर कळवा.