घोड्यांना मैदान, पोरांना गल्ली

भायखळ्यात पोरं गल्लीत क्रिकेट खेळतात, काच फुटली की शिव्या खातात. ‘मुसलमानांची पोरं रस्त्यावरच वाढतात,’ असं मला शहाणी माणसं ऐकवतात. मी उर्दू-मराठीची शिक्षिका. मी विचारते, मग खेळायचं कुठे?

मैदान होतं. बेलासिस रोडवरच्या भायखळा क्लबसमोर घोड्यांच्या शर्यती होत. आखातातून जहाजांनी आलेले अरबी घोडे मुंबईत धावत. 1883 साली महालक्ष्मीला नवं रेसकोर्स झालं. साहेबांच्या घोड्यांना पुन्हा मोकळी जमीन मिळाली. भायखळ्याच्या जुन्या मैदानावर मात्र रस्ते आले, इमारती आल्या. म्हणजे मैदान आपोआप हरवत नाही. ते कुणासाठी राखायचं, हे ठरवलं जातं.

जुहूला 1932 मध्ये जे. आर. डी. टाटा टपालाचं विमान घेऊन उतरले. ती धावपट्टी आजही आहे, कारण तिला वाली आहे.

आपल्या मैदानांना वाली कोण? उरसाची तारीख आपल्याला तोंडपाठ असते. विकास आराखड्यावर हरकती मागवतात, ती तारीख किती जणांना ठाऊक असते? यंदा वर्गात निबंधाऐवजी अर्ज लिहून घेणार आहे. विषय: आमचं मैदान.