'काढून टाका' म्हणणाऱ्यांस

गाडी तापू लागली की आपल्याकडे एक ठरीव सल्ला मिळतो: "थर्मोस्टॅट काढून टाका. आपल्या उष्ण हवेत त्याची गरजच काय?" सल्ला देणारा अनुभवी असतो, ऐकणाऱ्याला त्यातले काही कळत नसते, तेव्हा तो मान डोलावतो. माझे स्पष्ट मत असे की हा सल्ला चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा हे समजायला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. कलाशाखेच्या अंकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. पण 'का?' असे विचारण्याचा मक्ता विज्ञानशाखेला कोणी लिहून दिला आहे?

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधला दरवाजा. त्याच्या पोटात मेणाची कुपी असते. पाणी साधारण ८२ ते ८८ अंश सेल्सिअसपर्यंत तापले की मेण वितळून फुगते, स्प्रिंगला रेटते आणि दरवाजा उघडू लागतो. बाहेर ४० अंशांचा उन्हाळा असला तरी इंजिनाच्या हिशेबी ती थंडीच! 'आपली हवा उष्ण' हा युक्तिवाद येथेच कोसळतो. दरवाजा काढून टाकला की मोकळ्या रस्त्यावर इंजिन अर्धवट गार राहते. पेट्रोल जास्त पिते, तेलात ओलावा साठतो, झीज वाढते. शिवाय काही इंजिनांत हाच थर्मोस्टॅट उघडताना पाण्याची आडवाट बंद करतो. तो नसला तर गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरकडे न जाताच फिरत राहतो. म्हणजे तापावरच्या औषधानेच ताप वाढायचा!

आणि बदलण्याचे काम तरी केवढे? १९८३ ते २०१४ पर्यंत निघालेल्या मारुती ८०० सारख्या साध्या गाडीत ते घरच्या अंगणात होते. एकच पथ्य कडक: इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय रेडिएटरचे झाकण उघडायचे नाही. आतले पाणी दाबाखाली असते, शंभर अंशांवर जाऊनही ते उकळत नाही, आणि झाकण निघताच तोंडावर उसळते. खाली घमेले ठेवून कूलंट काढावे. ते चवीला गोडसर आणि विषारी असते, म्हणून मांजरा-कुत्र्यांपासून दूर ठेवावे. वरच्या होजच्या टोकाशी असलेले, बहुधा दोन बोल्टांचे झाकण काढले की थर्मोस्टॅट हाती येतो. टाकाऊ भांड्यात पाणी घेऊन, तळाला टेकू न देता त्याला उकळावे. पाणी उकळले तरी तो उघडत नसेल तर निकाल लागला. उघडत असेल तर दोष पंख्यात, गळतीत किंवा तुंबलेल्या रेडिएटरमध्ये शोधावा. उगीच नव्याचा खर्च कशाला? नवा बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे, हवेचे बारीक छिद्र असल्यास ते वर, गॅस्केट नवे. बोल्ट आळीपाळीने आवळावेत. ॲल्युमिनियमवर पैलवानकी करू नये.

खरी कसोटी हवा काढण्यात आहे, आणि घाई होते तीही इथेच. कूलंट व डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे भरले तरी आत हवेचे फुगे अडकतात; जिथे हवा तिथे पाणी नाही, आणि तापमापकाचा काटाही खोटे बोलू लागतो. गाडीचे नाक चढावर ठेवावे, हँडब्रेक ओढावा, चाकांना दगड लावावेत. हीटर पूर्ण गरम बाजूला फिरवावा (भर मे महिन्यात शेजारी हसतील, हसू द्यावे). रेडिएटरचे झाकण गार असतानाच काढून मग इंजिन संथ चालू करावे. हवा सोडण्याचा स्क्रू असल्यास तोही सैल करावा आणि बुडबुड्यांऐवजी पाणी येऊ लागले की आवळावा. तोंड बाजूला ठेवून पातळी पाहत राहावे, कमी होईल तसे भरावे, पंख्यापासून हात दूर ठेवावा. काही वेळाने वरचा होज एकाएकी गरम लागतो: दरवाजा उघडला! पातळी थोडी खाली जाते. पुन्हा भरून, बुडबुडे थांबल्यावर झाकण लावावे. कितीही वेळ गेला तरी बुडबुडे थांबतच नसतील, तर हेड गॅस्केट गेल्याचा संशय घ्यावा आणि मग मात्र जाणकाराकडेच जावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गार इंजिनावर, पातळी पुन्हा एकदा पाहावी; बहुधा पेलाभर कमी झालेली असते. आणि ज्यांना हे घरी करायचे नसेल त्यांनी गॅरेजात निदान इतके सांगावे: "काढलेला थर्मोस्टॅट माझ्या हातात द्या, आणि नवा माझ्यासमोर बसवा."