पुढच्या दहा वर्षांत काय खपेल?

आमच्या दवाखान्याला लागून एक औषधांचे दुकान आहे. गेल्या आठवड्यात दुकानदार मला म्हणाले, "डॉक्टरसाहेब, दुकानात एक नवी फळी मारून घेतोय. पुढच्या दहा वर्षांत काय खपेल ते सांगा. नाचणीची बिस्किटे ठेवू, प्रोटीनचे डबे ठेवू, की चूर्णे?" मी काही ज्योतिषी नाही. पण पंचवीस वर्षे रुग्णांच्या पिशव्यांतून काय काय निघते ते पाहत आलो आहे. त्या जोरावर काही अंदाज आज मांडतो. आणि ज्या गोष्टीपायी हा लेख लिहावासा वाटला, ती शेवटी सांगतो.

पहिला अंदाज ज्वारी-बाजरीचा. 'पिकते तेथे विकत नाही' ही म्हण आपल्या जिल्ह्याइतकी कोणाला लागू पडणार? ज्या भाकरीला गरिबाचे अन्न म्हणून नाके मुरडली गेली, तीच आता शहरातल्या हॉटेलांत मानाने ताटात येते. आपल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरड धान्यांचे म्हणून साजरे केले. ही लाट ओसरणार नाही, वाढेल, आणि वाढावीच. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे तेवढ्याच दुधाच्या दुपटीहून अधिक. बाजरीत लोह चांगले असते, ज्वारीत चोथा भरपूर.

मात्र ही धान्ये परत येतील ती पुडीत बसून. पाकिटावर नाचणीचे चित्र मोठे आणि आत मैदा, साखर नि पामतेल, असे प्रकार आजच मिळतात. यावर उपाय सोपा आहे. पाकिटाच्या मागे घटकांची यादी असते. जो घटक वजनाने जास्त, तो आधी लिहावा असा नियम आहे. पहिले नाव मैद्याचे असेल तर ते मैद्याचे बिस्कीट, चित्र कशाचेही असो. दुसरी गोष्ट मधुमेही वाचकांसाठी. ज्वारीतही पिष्टमय पदार्थ आहेतच. "डॉक्टर, मी आता फक्त भाकरीच खातो," असे सांगणारे गृहस्थ एका वेळी चार भाकऱ्या खात असतील, तर साखर वाढणारच.

दुसरा अंदाज प्रथिनांचा. येत्या काळात बिस्किटापासून कुल्फीपर्यंत सगळ्यावर 'प्रोटीन' हा शब्द छापलेला दिसेल. आपल्या जेवणात प्रथिने कमी पडतात हे खरे आहे. ताटात भात-पोळीचा डोंगर आणि वाटीत डाळीचे पाणी, ही आपली जुनी खोड. पण त्यावरचा उपाय डब्यातच असतो असे नाही. शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत वीस-बावीस ग्रॅम प्रथिने असतात. मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, ताक, परवडत असेल आणि चालत असेल तर अंडे, एवढ्यावर बहुतेक घरांचे भागते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांतही प्रथिनांच्या पुडी टाळाव्यात असाच सल्ला आहे. ज्याचे मूत्रपिंड आधीच कमजोर आहे, त्याने तर वैद्यकीय सल्ल्याशिवाय अशा डब्याचे झाकणही उघडू नये.

तिसरा अंदाज मला काळजीचा वाटतो. स्वयंपाकघरातल्या वस्तू अर्क काढून गोळ्यांत भरल्या जातील. हळद घ्या. भाजीतली चिमूटभर हळद पिढ्यान्पिढ्या आपण खातो आहोत. पण हळदीतले कर्क्युमिन शरीरात फारसे शोषले जात नाही. म्हणून गोळीत ते एकवटून घालतात आणि शोषण वाढावे म्हणून मिऱ्याचा अर्कही मिसळतात. अशा गोळ्यांनंतर यकृताला सूज आलेले रुग्ण इटली आणि अमेरिकेत नोंदले गेले आहेत. आपल्याकडे 'पी हळद आणि हो गोरी' म्हणून उतावळ्या माणसाला हसतात. आता हळद पिऊन पिवळे होण्याची वेळ येऊ लागली आहे!

गुळवेलीचेही तेच. कोरोनाच्या काळात घरोघरी काढे उकळले गेले. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. ती वनस्पती खरी गुळवेल नसेल, तिच्यासारखी दिसणारी दुसरी असेल, असा आक्षेप त्यावर आयुष मंत्रालयाने घेतला. क्षणभर तो आक्षेप खरा धरू. मग गावातल्या झाडावरून वेल तोडून आणणाऱ्याने ती ओळखायची कशी? म्हणजे दोन्ही बाजूंनी विचार केला तरी 'झाडपाल्याने अपाय होत नाही' हे वाक्य खोटेच ठरते. ज्यात गुण करण्याची ताकद आहे, त्यात अवगुण करण्याचीही असते.

यावरून कोणी मला झाडपाल्याचा शत्रू समजू नये. सर्पगंधा ही आपलीच वनस्पती. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन पद्धतशीर नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली त्या ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात छापून आल्या. जगाचे लक्ष त्यामुळे या मुळीकडे वळले. तिच्यातून रेसर्पिन हे औषध निघाले. पुढे त्याचे दुष्परिणाम कळले आणि त्याहून बरी औषधे आल्यावर ते मागे पडले. मला हवा आहे तो हाच रस्ता: मोजा, लिहा, छापा आणि चुकले तर मागे घ्या. मधुमेहाची आजची सर्वांत जास्त वापरातली गोळी मेटफॉर्मिन, तिचेही मूळ युरोपातल्या एका झुडपात सापडते.

चौथा अंदाज विक्रेत्याचा. पूर्वी तो एस. टी. स्टँडवर पथारी मांडून बसे. आता तो खिशातल्या मोबाईलमध्ये बसला आहे. नामांकित डॉक्टरांचा चेहरा आणि आवाज यंत्राने हुबेहूब बनवून औषधे विकणाऱ्या खोट्या चित्रफिती आजच फिरत आहेत. वजन उतरवणारी नवी इंजेक्शने २०२५ मध्ये भारतात आली. आता त्यांना 'नैसर्गिक पर्याय' म्हणून कोणती ना कोणती पूड बाजारात येत राहील. मधुमेह, कर्करोग, लठ्ठपणा यांसारखे आजार बरे करण्याच्या जाहिरातींना बंदी करणारा कायदा आपल्याकडे १९५४ पासून आहे. पण कायदा पोहोचेपर्यंत पुडी घरपोच झालेली असते.

आता ती गोष्ट. ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव देत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे सहावीत शिकणारा एक मुलगा होता. त्याला लहानपणीचा मधुमेह, ज्यात शरीर इन्सुलिन बनवणेच थांबवते. इन्सुलिन सुरू करून दीड महिना झाला होता. एके दिवशी त्याचे वडील एक छापील कागद घेऊन आले. 'मधुमेह मुळापासून नष्ट' असे त्यावर होते. "साहेब, हे देऊन बघू का?" त्यांनी विचारले. बाहेर वीस-पंचवीस रुग्ण खोळंबले होते. मी कागद हातात घेतला, मोठ्याने वाचला आणि हसलो. समोरच्या बाकावरचे दोघेतिघेही हसले. वडील काही बोलले नाहीत. कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि गेले.

चूर्ण सुरू झाले आणि मुलाची साखर खरोखरच उतरली! ती का उतरली हे मला ठाऊक होते, त्यांना नव्हते. या आजारात इन्सुलिन सुरू झाल्यावर स्वादुपिंडातल्या उरल्यासुरल्या पेशींना थोडी विश्रांती मिळते आणि काही आठवडे किंवा महिने त्या पुन्हा काम करतात. तेवढ्या काळात इन्सुलिन कमी लागते. ही सवलत तात्पुरती असते. आम्ही डॉक्टरांनी ती आधीच समजावून सांगायची असते आणि मी ती सांगितली नव्हती. त्यामुळे श्रेय चूर्णाला गेले. विकणाऱ्याने आधी मात्रा कमी करायला लावली, मग सुई बंदच. तिसऱ्या रात्री मुलाला माझ्याकडे आणले तेव्हा श्वासाला पिकल्या फळासारखा वास होता, छाती भात्यासारखी चालली होती आणि हाक मारली तर तो ओ देत नव्हता. रातोरात मोठ्या रुग्णालयात हलवले. चार दिवस अतिदक्षता विभागात काढून पोरगे वाचले. इन्सुलिन माणसाला पहिल्यांदा दिले गेले ते जानेवारी १९२२ मध्ये. त्याआधी असे मूल फार काळ जगत नसे. शंभर वर्षांपूर्वी मिळालेले ते दान आम्ही दोघांनी मिळून जवळजवळ घालवले होते. दोघांनी म्हणजे त्या विक्रेत्याने आणि मी.

वडिलांना नंतर विचारले, "अहो, परत माझ्याकडे का नाही आलात?" ते म्हणाले, "साहेब, त्या माणसानं तासभर बसवून घेतलं. पोरगं काय खातं, शाळेत कसं बसतं, रात्री झोपतं का, सगळं विचारलं. तुम्ही हसलात." मला उत्तर सुचले नाही.

म्हणून माझा पाचवा आणि सर्वांत खात्रीचा अंदाज असा. फॅशन बदलतील, ज्वारी जाऊन आणखी काही येईल, पण जोवर आमच्या दवाखान्यात रुग्णाच्या वाट्याला दोनच मिनिटे येतात, तोवर पर्यायी उपचारांचा बाजार वाढतच राहील. तो गुणावर वाढत नाही, ऐकून घेण्यावर वाढतो. आपल्या गावातले चांगले वैद्य हे जाणतात. ते वेळ देतात, पथ्य नीट सांगतात आणि साखर फार वाढलेला रुग्ण चिठ्ठी देऊन माझ्याकडे पाठवतात. भीती आहे ती ऐकून घेण्याचे सोंग करणाऱ्यांची.

वाचकांनी एकच प्रश्न पाठ करून ठेवावा. नवे काहीही घरात आले की विचारा, 'हे चालू औषधाच्या जोडीला आहे की त्याच्या जागी?' जोडीला असेल तर पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा, कारण जोडीनेही कधी कधी अपाय होतो. जागी असेल, आणि त्यातही ते औषध इन्सुलिन, फिटचे, हृदयाचे किंवा क्षयाचे असेल, तर पुडी बाजूला ठेवा, औषध बंद करू नका. आणि माझ्या डॉक्टर बंधू-भगिनींना एवढीच विनंती, की पाकीट समोर आले तर हसू नका. हातात घ्या, मागची बाजू वाचा.

दुकानदारांना मी सांगितले, "फळीवर काय ठेवायचे ते तुम्ही ठरवा. पण एक खुर्चीही ठेवा. विकत घेण्याआधी कोणाला विचारावेसे वाटले, तर बसायला जागा हवी." तो मुलगा आता कॉलेजात आहे आणि सुई स्वतःच टोचून घेतो. त्याचे वडील आजही कधीमधी एखादी पुडी घेऊन येतात, सुरू करण्याआधी. बाहेर गर्दी असली तरी मी त्यांना आत बसवून घेतो.